‘स्थलांतरित’ म्हणजे नेमकं कोण? मराठी संपादकांना खुलं पत्र

मराठी दैनिकांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांस,

सप्रेम नमस्कार.

मी भाषांतराची कामं करते. जन्माचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, विवाहनोंदणी, सात-बारा, मृत्युपत्रं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना हे कागद कुठल्या ना कुठल्या वकिलातीत द्यायचे असतात. त्यामुळे परदेशी जाण्या-येण्याच्या बातम्या मी इतरांपेक्षा जरा जास्त बारकाईने वाचते आणि वाचता वाचता चिडते. ते चिडणं घरात कितीदा ऐकवणार, म्हणून हे पत्र.

माझी तक्रार ‘स्थलांतरित’ या शब्दाबद्दल आहे. टेक्सासजवळ नदी ओलांडणारा होंडुरासचा पोरगा तुमच्याकडे स्थलांतरित असतो. एच-वन-बी या अमेरिकेच्या कामाच्या व्हिसावर गेलेली बाणेरची इंजिनियरही स्थलांतरित. रबरी बोटीतून इटलीच्या किनाऱ्याला लागलेला सीरियन, दुबईत प्लंबिंग करणारा खेडचा माणूस, बीडहून कोल्हापूरकडच्या फडावर कोयता घेऊन गेलेलं जोडपं, सगळे स्थलांतरित. या पाचांची कायद्यापुढची अवस्था इतकी वेगवेगळी आहे की त्यांना एका ओळीत बसवणं म्हणजे वाचकाची फसवणूक. मग ‘स्थलांतरितांवर कारवाईचा बडगा’ असा मथळा येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन येतो, “मॅडम, आमच्या मुलालासुद्धा परत पाठवतील का हो?” मुलगा असतो सिअ‍ॅटलला, कागदपत्रं चोख. बातमी असते आश्रय मागणाऱ्यांबद्दल. यात त्या आईची काहीच चूक नाही.

एजन्सीची कॉपी येते तेव्हा तिच्यात इमिग्रंट, मायग्रंट, रेफ्युजी, असायलम सीकर असे चार निरनिराळे शब्द असतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. डेस्कवर रात्री त्या चौघांचं एकच होतं. म्हणून थोडं मागे जाऊन ‘इमिग्रेशन’ हा शब्द आला कुठून आणि त्यात काय काय भरलेलं आहे ते सांगते. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी दोन परिच्छेद ओलांडून पुढे जावं.

मुळात लॅटिन क्रियापद ‘मिग्रारे’, म्हणजे बिऱ्हाड हलवणं. त्याला ‘बाहेर’ सांगणारा उपसर्ग लागला की एमिग्रेट, ‘आत’ सांगणारा लागला की इमिग्रेट. दोन्ही इंग्रजी शब्द सारखेच जुने असतील असं वाटतं, पण ‘इमिग्रंट’ त्या मानाने कालचा आहे. अठराव्या शतकात युरोपातून अमेरिकेत उतरणाऱ्यांना तिथलेच लोक बहुधा ‘एमिग्रंट’ म्हणत, म्हणजे स्वतःचा देश सोडून निघालेले. १७८७ च्या अमेरिकी संविधानात ‘इमिग्रेशन’ सापडत नाही. ‘मायग्रेशन’ सापडतं, तेही ‘मायग्रेशन किंवा आयात’ अशा जोडीने. ते कलम खरं तर गुलामांच्या व्यापाराबद्दल होतं. १८०८ पर्यंत काँग्रेसने तो थांबवू नये असं त्यात लिहिलं होतं, फक्त ‘गुलाम’ हा शब्द लिहायची लाज वाटली. मोठ्या गोष्टी झाकायला जाण्या-येण्याचे शब्द तेव्हापासून कामाला येतात.

१७९२ साली जेरेमी बेल्कनॅप नावाच्या धर्मोपदेशकाने न्यू हॅम्पशायरच्या आपल्या इतिहासाचा तिसरा खंड छापला आणि प्रस्तावनेत सांगून टाकलं की इमिग्रेट, इमिग्रंट, इमिग्रेशन हे शब्द मी या खंडात बेधडक वापरले आहेत. असा खुलासा करावासा वाटला, यावरूनच ते वाचकांना किती नवखे असणार ते कळतं. पुढे १८०९ मध्ये एडवर्ड केंडल या इंग्रज प्रवाशाने लिहिलं की अमेरिकेच्या परिस्थितीने इंग्रजी भाषेकडे खरोखरीच मागणी केलेला नवा शब्द बहुधा हाच एक. आणि १८२८ च्या नोआ वेबस्टरच्या कोशात ‘इमिग्रेट’ची व्याख्या आली: कायमच्या वास्तव्यासाठी एखाद्या देशात येऊन राहणं. माणूस तोच, बोटही तीच. बदलली ती बघणाऱ्याची जागा. आधी तो ‘निघालेला’ होता, आता तो ‘आत आलेला’ झाला. आणि येताना त्याच्याबरोबर कोशात एक अट शिरली, कायम राहण्याच्या इराद्याची.

हा इरादा दोनशे वर्षांनीही जागेवर आहे. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे कागद घेऊन आले होते. मुलीचं बाळंतपण अमेरिकेत, म्हणून दोघं नवरा-बायको जाणार होते. व्हिसा नाकारला गेला होता. हातात छापील चिठ्ठी, तिच्यात कलम २१४(ब). “याचं मराठी करून द्या, म्हणजे मला कळेल तरी माझं काय चुकलं.” पेन्शनचा कागद, घराची कर-पावती, सात-बारा, सगळं त्यांनी फायलीत लावून नेलं होतं, खिडकीपलीकडच्या बाईने ती फाईल मागितलीसुद्धा नाही. मी त्यांना सांगितलं की त्या कायद्यात मुळात असं गृहीत धरलेलं आहे, की येऊ पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण इमिग्रंट आहे, म्हणजे कायमचा राहायलाच निघालेला आहे. तसं नाही हे अधिकाऱ्याला पटवून देणं हे येणाऱ्याचं काम. सर बराच वेळ चिठ्ठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आम्ही तिथे राहायला चाललोय हे त्यांनी आधीच ठरवलंय? त्या थंडीत?”

आता याच कायद्यातली दुसरी बाजू बघा. बाणेरची ती इंजिनियर, जिला तुम्ही स्थलांतरित म्हणता, ती एच-वन-बी वर आहे आणि एच-वन-बी हा कायद्याने ‘नॉन-इमिग्रंट’ व्हिसा आहे. तिने भरलेल्या डीएस-१६० या अर्जाच्या नावातच ‘नॉन-इमिग्रंट’ आहे. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत ती तिथे बारा वर्षं राहो, घर घेवो, तिची मुलं तिथल्या शाळेत जावोत, ती इमिग्रंट नाही. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त येत नाहीत, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग हलता हलत नाही. तेव्हा ‘इमिग्रेशनवर निर्बंध’ अशी बातमी आली, तर प्रश्न पडायला हवा की निर्बंध ग्रीन कार्डवर, कामाच्या व्हिसावर, आश्रयावर, की सरांसारख्या बाळंतपणाला निघालेल्यांवर? इंग्रजी बातमीत हे बहुधा तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात असतं. आपल्याकडे तो परिच्छेदच जागेअभावी कापला जातो.

आपली स्वतःची व्यवस्थाही गमतीची आहे. मुंबईच्या विमानतळावरून बाहेरदेशी जाताना पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायचा ती खिडकी ‘इमिग्रेशन’ची, पाटीवर देवनागरीत ‘आप्रवासन’, म्हणजे देशात येणं. निघालेला माणूस आप्रवासनाच्या रांगेत उभा! कायद्यात मात्र फरक नीट पाळलेला आहे. येणाऱ्यांचं खातं गृह मंत्रालयाकडे, आणि त्यासाठी २०२५ चा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा, ज्याने १९४६ चा जुना फॉरेनर्स ॲक्ट मोडीत काढला. कामासाठी जाणाऱ्यांचं खातं परराष्ट्र मंत्रालयाकडे, १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखाली. दहावी न झालेला माणूस आखातात कामाला निघाला की पासपोर्टवरच्या ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) या शेऱ्यामुळे त्याला ज्या अधिकाऱ्याची परवानगी लागते, त्याचं पद आजही ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’. हे पदनाम मळ्यांवर मजूर पाठवण्याच्या काळातलं आहे, आणि तिथे आपला, मराठी माणसाचा, थेट संबंध येतो.

१८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करार करून मजूर नेले जाऊ लागले. बिहार आणि तमिळ मुलखातून जास्त, पण मुंबई बंदरातूनही जहाजं गेली; त्यांत कोकणातले आणि घाटावरचे मराठी लोक होते. मुंबईत त्यांची नोंद होई ती एमिग्रंट म्हणून. पोर्ट लुईला उतरून, धक्क्यावरच्या दगडी पायऱ्या चढून डेपोत गेले की त्यांची नोंद इमिग्रंट म्हणून. तो डेपो १८४९ पासून त्या जागी होता आणि त्याचं नावच इमिग्रेशन डेपो. इकडे एक ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’, तिकडे एक ‘प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स’. मधल्या समुद्रात तो माणूस काय होता ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. डेपोत त्याला नंबर मिळे. नाव कारकुनाच्या कानाला जसं ऐकू येईल तसं लिहिलं जाई, नंबर मात्र अचूक. आणि जन्मभर तोच.

आणखी एक शब्द तिथेच रुजला, ‘ओल्ड इमिग्रंट’. पहिला करार पुरा करून बेटावरच राहिलेल्या मजुराला कायद्यात हे नाव होतं. वाटेल की जुना झाला म्हणजे मोकळा झाला. उलट १८६७ च्या कायद्याने त्याला फोटो लावलेला पास जवळ बाळगायची सक्ती केली. पास नाही सापडला की भटक्या म्हणून अटक. १८७१ साली या जुन्या इमिग्रंटांनी गव्हर्नरकडे तक्रार-अर्ज केला, आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याच्या मदतीने. त्यावर नऊ हजारांहून जास्त लोकांची नावं होती. पुढच्या वर्षी चौकशीला रॉयल कमिशन आलं. खुल्या पत्राने काही होत नाही असं म्हणणाऱ्या माझ्या नवऱ्याला मी हे उदाहरण देते.

त्या डेपोला लोक कुली घाट म्हणत. आज त्याचं नाव ‘आप्रवासी घाट’. २००६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. जवळजवळ पाच लाख माणसं त्या वाटेने आली. त्यांच्यातल्या मराठी लोकांच्या पणतू-खापरपणतूंकडे आजही गणपती बसतो, गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते. ‘आप्रवासी’ हा शब्द मला एरवी रुक्ष वाटतो, सरकारी परिभाषेतून आलेला, बोलण्यात कधीच न रुळलेला. पण तिथे, ‘कुली’च्या जागी आलेला, तो शोभतो.

मराठीकडे या अनुभवासाठी शब्दच नव्हता असं मात्र कोणी समजू नये. देशावरच्या गावात शेतकरी दोन प्रकारचे असत, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराला कुठे थळकरी म्हणत. जमिनीवर त्याचा पिढीजात हक्क, गावच्या मानपानात वाटा. गाव सोडून तो बराच काळ बाहेर राहिला तरी परत आल्यावर त्याची मिरास त्याला मागता येई. उपरी म्हणजे ज्याची मिरास नाही तो, बरेचदा दुसऱ्या गावाहून आलेला, ठरावावर जमीन कसणारा. १८१९ मध्ये पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाचा अहवाल माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने लिहिला त्यातही रयतेचे हेच दोन वर्ग आहेत. आणि उपऱ्यावाचून गावाचं अडत असे. दुष्काळाने किंवा स्वारीने जमीन ओसाड पडली की पाटील आणि सरकार कौल, म्हणजे सवलतीच्या अटींचं लेखी वचन, देऊन कुळं बोलवत. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, पुढे वर्षागणिक चढता, त्याला इस्तावा म्हणत. नवी पेठ वसवायची असली तर बाहेरच्या व्यापाऱ्याला काही वर्षं करांत सूट. उपरी ही तेव्हा शिवी नव्हती, महसुलाच्या दप्तरातला शब्द होता. ‘उपरा’ आज ज्या चवीने बोललं जातं, ती नंतरची.

हे सांगायचं कारण असं, की आजचा सगळा गुंता या जुन्या दप्तरी भाषेत मला सहज सांगता येतो. एच-वन-बी हा कौल आहे. मुदतीचा, कामापुरता, आणि संपला की बिऱ्हाड उचलायचं. ग्रीन कार्ड म्हणजे मिरास मिळायला सुरुवात. आखातात साध्या कामगाराला मिरास मिळायची सोयच नाही. खेडचा तो प्लंबर तीस वर्षं राहिला तरी उपरीच, आणि त्याचा कौल मालकाच्या नावाला बांधलेला. तेव्हा त्याला ‘दुबईत स्थायिक झालेला’ असं तरी लिहू नका. स्थायिक व्हायचा हक्क त्याला कधीच नव्हता.

निर्वासिताची गोष्ट आणखी वेगळी. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी होती. शाळा, चर्च, दुकानं, सगळं होतं. ते राहायला आले नव्हते, त्यांना घर उरलं नव्हतं. १९४८ पर्यंत ते निघूनही गेले. आणि इकडे कल्याण कॅम्पात फाळणीनंतर आलेले सिंधी राहिले, त्यांचं उल्हासनगर झालं. त्यांना एक अख्खी पिढी ‘निर्वासित’ म्हणत राहिली, ते घरदार करून, कारखाने काढून बसले तरी. दोघांसाठी शब्द एकच, आणि दोन्हींत फरक केवढा!

आता दुखऱ्या जागी येते. माणूस आपला असला की आपण त्याला ‘अनिवासी भारतीय’ म्हणतो, ‘परदेशस्थ’ म्हणतो, ‘सातासमुद्रापार झेंडा रोवला’ म्हणतो. आपल्याकडे कोणी आलं की ‘लोंढे’ येतात. उत्तर प्रदेशातून मुंबईला येणारा ‘परप्रांतीय’ असतो. या देशातले प्रांत १९५० साली संविधान लागू झालं तेव्हाच गेले, राज्यं आली; पण आपल्या पानांवर प्रांत अजून ठाण मांडून आहेत. त्याच संविधानाच्या अनुच्छेद १९ ने कुठल्याही नागरिकाला देशात कुठेही राहायचा, स्थायिक व्हायचा हक्क दिला आहे, म्हणजे तो इमिग्रंट होऊच शकत नाही. शहरावरचा ताण, नोकऱ्या, भाषा, यावर जरूर लिहा, तिखट लिहा. मराठीच्या बाजूने लिहा, मी वाचीन. गिरण्या ज्यांनी चालवल्या ते रत्नागिरीचे आणि साताऱ्याचे लोकही मुंबईत बाहेरूनच आले होते, त्यांना आपण ‘चाकरमानी’ असा किती मायेचा शब्द शोधला, एवढं फक्त लक्षात असू द्या. २०२० च्या टाळेबंदीत एक चमत्कार झाला. तोपर्यंत लोंढे असलेली तीच माणसं महामार्गाने पायी घरी निघाली आणि रातोरात ‘स्थलांतरित मजूर’ झाली. म्हणजे सभ्य शब्द आपल्याला येत होता, ते जायला लागल्यावर तो आठवला.

‘घुसखोर’बद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर बंदुका घेऊन बसलेल्यांना आपण घुसखोर म्हणत होतो आणि ते बरोबर होतं. आज तोच शब्द कागद नसलेल्या मोलकरणीला लागतो. आपल्या नागरिकत्व कायद्यात २००३ पासून जी संज्ञा आहे ती ‘इल्लीगल मायग्रंट’, आणि तिच्यात दोन वेगळ्या प्रकारची माणसं येतात. एक, वैध कागदाशिवाय आत आलेला. दुसरा, रीतसर व्हिसा घेऊन आलेला, पण मुदत संपल्यावरही राहिलेला. दुसरा कुठेही घुसलेला नसतो, दारातून शिक्का मारून आलेला असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानाने बेड्या घालून १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं. त्यात महाराष्ट्रातलेही होते. त्यांना ‘अमेरिकेतले घुसखोर’ म्हणणारा मथळा मी वाचलेल्या पानांवर तरी नव्हता. नसावाच. तीच तमा सीमेच्या अलीकडच्या माणसाबाबत का नाही, एवढंच विचारते. पोलिसांनी कारवाई केली तर केली म्हणा, कुठल्या कायद्याखाली ते लिहा, आरोप आहे की सिद्ध झालं तेही लिहा.

भाषा आपापला कल शब्दात कशी भरतात याचा एक नमुना सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या अलिबाग-पेणकडचे बेने इस्राएल, घरात मराठी बोलणारे, १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. तिथे येऊन राहणाऱ्या ज्यूला हिब्रूत ‘ओले’ म्हणतात, म्हणजे वर चढलेला. देश सोडून जाणारा ‘योरेद’, खाली उतरलेला. नाव ठेवतानाच निकाल दिलेला! त्या चढून गेलेल्या मराठी लोकांनी तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं.

तुमच्याकडे माझं मागणं नवा शब्द घडवण्याचं नाही. ‘आप्रवासन’, ‘उत्प्रवासन’ मथळ्यात घालून वाचकाला पळवून लावू नका. ‘इमिग्रेशन’ हा शब्द आता मराठीच आहे. विमानतळावर, लग्नाच्या बोलणीत, कट्ट्यावर लोक तो सर्रास बोलतात, तो तसाच छापा. ‘स्थलांतरित’ देशातल्या देशात हलणाऱ्यांसाठी ठेवा, ऊसतोडीवाल्यांसाठी, वीटभट्टीवाल्यांसाठी. मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या आसपास निघायचं आणि गाळप संपलं की गावी परतायचं, या जगण्याला तो चपखल बसतो. बाकीच्यांच्या बाबतीत मथळ्यात चार अक्षरं जास्त गेली तरी चालतील: ‘आश्रय मागणारे’, ‘मुदत उलटलेले’, ‘कामाच्या व्हिसावरचे’, ‘ग्रीन कार्डधारक’. जागा कमी पडते हे मला मान्य नाही. त्याच पानावर ‘बडगा’, ‘दणका’ आणि ‘खळबळ’ यांना जागा मिळते.

डेस्कवर काम करणाऱ्या मुला-मुलींना रात्री अकराला हे शोधत बसायला वेळ नसतो, हेही मी जाणते. अमेरिका, ब्रिटन, आखात, युरोप आणि आपला देश, यांतल्या रोज लागणाऱ्या संज्ञांचं एक पानभर टिपण मी करून ठेवलं आहे, प्रत्येकीपुढे त्या माणसाला काय करता येतं आणि काय नाही ते एका ओळीत. हवं असेल त्या दैनिकाने मागवून घ्यावं, मानधन नको. त्यात चुका सापडल्या तर कळवा, दुरुस्त करून पुन्हा पाठवीन.

कळावे,
तुमची एक वाचक,
पुणे